मामंजींची फियाट आणि चैत्रातलं ऊन



लोणची, पापड, दशलक्षण पर्वातला स्वयंपाक आणि पाठशाळेतल्या मुलांच्या गमती यांच्या ओळीत आज रेडिएटर कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. पण जी वस्तू चाळीस वर्षांहून जास्त दारात उभी आहे, ती घरातलीच म्हणायची. आणि घरातल्या कुणाचं अंग तापलं की बघायला जातं कोण? आपणच. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी बऱ्याचजणींच्या वाड्यात, शेडमध्ये, सासऱ्यांनी किंवा वडिलांनी जपलेली एखादी जुनी फियाट नाहीतर ॲम्बेसेडर असेलच. त्यांच्यासाठी तर हे खासच.

आमची गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. १०८९ सी.सी.चं छोटं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, समोर चांदीसारखी जाळी. मामंजी फार अभिमानानं सांगतात की ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी केली ती सोलापूरच्या जैन घरातल्या वालचंद हिराचंद दोशींनी. ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्या सांगलीत आहे, तेच हे. "आपल्या माणसानं काढलेल्या कारखान्यातली गाडी आहे ही, सूनबाई," हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. १९८१ च्या महामस्तकाभिषेकाला मामंजी, सासूबाई आणि तीन मुलं याच गाडीतून श्रवणबेळगोळला जाऊन आली. वाटेत गाडी एकदाही तापली नाही, हे शेपूट त्या गोष्टीला कायम असतं.

आता मामंजी शहाऐंशीचे आहेत. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. ह्यांना गाडीत रस नाही, मुलाला मोबाइलवरून बोलावलेली गाडी सोयीची वाटते. घरात "आता विकून टाकू" ही चर्चा दर दिवाळीला होते. मामंजी तेव्हा काही बोलत नाहीत, उठून अंगणात जातात.

या वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास त्यांनी एकच इच्छा सांगितली. महावीर जयंतीच्या मिरवणुकीत आता चालवत नाही, आणि रिक्षातून जायचं मन होत नाही. "आपल्या फियाटमधून मिरवणुकीच्या मागनं येतो. शेवटचं एकदा." शेवटचं हा शब्द ते सहज म्हणाले, पण सासूबाईंचा हात पोळपाटावर थांबलेला मी पाहिला.

मिरजेच्या गॅरेजमधल्या चाचांना फोन केला तर ते आधी हसले आणि मग गंभीर झाले. "ताई, मुंबईला न्यायची असती तर मी लगेच हो म्हटलं असतं. मिरवणूक अवघड आहे."

हे मला आधी कळेना. शेकडो किलोमीटर सोपे आणि दोन किलोमीटर अवघड? मग त्यांनी बॉनेट उघडून समजावलं. इंजिनात पेट्रोल जळतं, त्या उष्णतेचा थोडाच हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता काही धुरातून जाते, काही पाण्यात जाते. ते गरम पाणी पंप रेडिएटरकडे ढकलतो, तिथं ते बारीक नळ्यांतून खाली उतरतं, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांवरून वारा जातो आणि पाणी निवतं. गाडी पळत असली की वारा फुकट मिळतो. उभी असली की सगळा भार पंख्यावर. आणि या जुन्या गाडीत पंखा विजेवर चालत नाही, इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू तर पंखाही हळू. म्हणजे वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तो सगळ्यात कमी. त्यात चैत्र शुद्ध त्रयोदशीचं सांगलीतलं ऊन, खालून तापलेला डांबरी रस्ता आणि पुढे लेझीमच्या चालीनं सरकणारी माणसं.

चाचा म्हणाले, "दहा दिवस द्या. पण मी सांगतो ते घरी तुम्ही करायचं." मग आमचे ते दहा दिवस कसे गेले ते सांगते.

पहिलं काम रेडिएटरच्या बाहेरचं. पत्र्यांच्या फटीत धूळ, चिखल, गवताचं बी आणि मेलेले किडे बसतात. वारा जायलाच वाट उरत नाही. मऊ ब्रश आणि हलक्या धारेचं पाणी घ्यायचं, आणि धार इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला सोडायची, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं निघते. जोराच्या पिचकारीनं ते पातळ पत्रे वाकतात, मग कायमचीच वाट बंद. मामंजी खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांचा एक जुना नियम मला तेव्हा उमगला. चातुर्मासात दिवस मावळल्यावर ते कधी गाडी काढत नसत. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेले किडे दिव्याकडे झेपावतात आणि थेट जाळीत येऊन आदळतात. "एका रात्रीच्या प्रवासात किती जीव जातात ते सकाळी जाळी धुताना कळतं," ते म्हणाले. मला वाटायचं, हा नियम फक्त रात्रीच्या जेवणासाठी घरी लवकर पोचायचा म्हणून होता.

दुसरं काम आतलं. आपल्या घरात ज्या भांड्यात रोज पाणी उकळतो, त्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना? तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात बसतो. हा क्षार उष्णता सहज जाऊ देत नाही. शिवाय नळ्या अरुंद होतात. रेडिएटरवाल्यानं वरच्या टाकीचं डाखकाम सोडवलं, एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवून ती साफ केली आणि टाकी पुन्हा डाखली. निघालेला भुगा त्यानं वाटीत दाखवला. रांगोळीसारखा होता.

मामंजींना त्याचं फार वाईट वाटलं, कारण ते आयुष्यभर रेडिएटरमध्ये गाळलेलंच पाणी घालत आले. दुहेरी कापडातून, अगदी पिण्याच्या पाण्यासारखं. पण मैत्रिणींनो, कापड कचरा अडवतं, जीव अडवतं, विरघळलेले क्षार अडवू शकत नाही. बोअरचं पाणी कितीही गाळलं तरी जडच राहतं. उकळून गार केलेलं पाणी त्याहून बरं, कारण उकळताना बराचसा क्षार भांड्याच्या तळाशी बसून राहतो. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. हे मी मामंजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे उकळलेलं पाणी माणसाला आणि गाडीला दोघांना चालतं." चालतं की.

तिसरं म्हणजे रबरी नळ्या आणि पट्टा. नळी दाबून बघायची. लिबलिबीत झाली असेल, फुगली असेल किंवा कडक होऊन भेगा पडल्या असतील तर बदलायची. खालची नळी पिचली तर पंपाच्या ओढीनं आतल्या आत चिकटते आणि पाणी अडतं. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच खाली जायला हवा. फार सैल असेल तर घसरतो, आणि पंप, पंखा, डायनॅमो तिघांचंही काम बिघडतं. फार ताणला तर पंपाचं बेअरिंग लवकर जातं.

चौथं रेडिएटरचं झाकण. हे आपल्याला सगळ्यात लवकर समजेल, कारण ते कुकरच्या शिट्टीचंच भावंड आहे. आत दाब धरून ठेवलं की पाणी शंभर अंशांना उकळत नाही. सात पौंडाचं झाकण असेल तर उकळबिंदू एकशे अकरा अंशांच्या आसपास जातो. उलट महाबळेश्वरासारख्या उंचीवर उघडं पाणी शंभराच्या चार-पाच अंश आधीच उकळतं, म्हणून तिथं डाळ शिजता शिजत नाही आणि घाटात जुन्या गाड्या लवकर वाफ सोडतात. झाकणाचं रबर वाळलं असेल तर हा सगळा फायदा जातो. कुकरची रिंग वाळली की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

पाचवी गंमत थर्मोस्टॅटची. ही एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. ठरावीक तापमानाला तिच्यातलं मेण फुगतं आणि ती उघडते. बरेच मिस्त्री तापण्याच्या भीतीनं ती काढूनच टाकतात. चाचांनी काढली नाही. "गार इंजिनही झिजतंच ताई. आधी तपासा." मग एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन अंगणातल्या शेगडीवर ठेवलं. स्वयंपाकघरात ती तेलकट वस्तू आणायला सासूबाईंनी साफ मनाई केली होती. दोरीला झडप बांधून पाण्यात सोडली, शेजारी थर्मामीटर. ऐंशीच्या जरा पुढे काटा गेला आणि झडप हळूहळू तोंड उघडायला लागली. सासूबाई दारातून बघत होत्या. "तळणीत पुरी फुगते तशी फुगली की गं," त्या म्हणाल्या आणि पातेलं मात्र परत आत आणू दिलं नाही.

याशिवाय चाचांनी ठिणगीची वेळ जुळवली. ठिणगी उशिरा पडली की इंजिन ताकद कमी देतं आणि तापतं जास्त. ब्रेक चिकटत नाहीत ना तेही पाहिलं. गाडीतला तापमानाचा मूळ काटा केव्हाच बंद पडला होता, त्याच्या जागी वेगळा बसवला. आणि रेडिएटरसमोर विजेवर चालणारा एक छोटा पंखा लावला, त्याचं बटण माझ्या हाताशी. मामंजींना तो पंखा मुळीच आवडला नाही. मूळ गाडीत नाही ते नको. मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही पण कानात मशीन लावलंय की." त्यावर ते हसले आणि विषय संपला.

आता एक गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळतात, साधारण निम्मं निम्मं किंवा डब्यावर लिहिलं असेल त्या प्रमाणात. त्यानं गंज धरत नाही आणि उकळबिंदूही वाढतो. पण बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. रस्त्यात सांडलेलं ते हिरवं पाणी कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी निकामी होते. थोडंसं पोटात गेलं तरी जीव जातो. गॅरेजमध्ये चाचांचा पोऱ्या रेडिएटरची खालची तोटी उघडून जुनं पाणी गटारात सोडणार होता, सगळीकडे तसंच करतात. गॅरेजच्या दारात एक लूत भरलेली कुत्री आणि तिची तीन पिल्लं पडलेली होती. मी कल्हई गेलेली परात मागवली, सगळं पाणी तीत धरलं, डब्यात भरून घट्ट झाकण लावलं. फरशीवर सांडलेलं आधी लाकडाच्या भुश्शानं टिपलं आणि मग भरपूर पाण्यानं धुतलं. पोऱ्या वैतागला होता. चाचांनी त्याला एवढंच सांगितलं, "ताई म्हणतात तसं कर." पुढच्या वेळी गेले तेव्हा तिथं एक जुनं टब ठेवलेलं दिसलं.

प्रोपिलीन ग्लायकॉलचं कूलंट मिळतं, ते बरंच कमी विषारी. आम्ही तेच घातलं. तरीही उरलेला डबा उंच फळीवर ठेवला, नाव लिहून. घरात लहान मूल असेल तर सरबताच्या बाटलीत हे कधीही भरून ठेवू नका. आपण पाण्याच्या थेंबातल्या जिवांचा विचार करतो, मग दारातल्या कुत्रीचा आधी करायला हवा.

महावीर जयंतीच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मिरवणूक निघाली. पुढे पालखी, मग लेझीम, मग केशरी साड्यांतल्या बायका, आणि सगळ्यात मागं आमची फियाट. मामंजी माझ्या शेजारी, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. पहिला तास छान गेला. काटा मधोमध. मध्ये मिरवणूक थांबली की मी गाडी न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर जरासा दाबायची, म्हणजे पंप आणि पंखा दोघांनाही वेग मिळतो. लोक खिडकीशी येऊन मामंजींना नमस्कार करत होते.

नऊ वाजता हरभट रोडवर मिरवणूक बराच वेळ अडली. ऊन चढलं होतं. पुढच्या टेम्पोचा धूर आणि गरम हवा सरळ आमच्या जाळीवर येत होती. छोटा पंखा चालू होता तरी काटा मधला टप्पा ओलांडून वर सरकू लागला. लाल रेघ अजून दोन बोटं लांब होती. मी मामंजींकडे पाहिलं नाही, पण त्यांनी काटा माझ्या आधी पाहिला होता.

"बंद कर इंजिन," ते म्हणाले.

"मामंजी, बस्ती अजून पाऊण किलोमीटर आहे."

"असू दे. तिला त्रास देऊन मला नाही जायचं. मी इथनंच हात जोडतो."

मी किल्ली फिरवली. एकदम शांत झालं, फक्त पत्रा निवतानाचा टिकटिक आवाज. आणि तेवढ्यात मागून पाठशाळेची मोठी मुलं आली, आठ-दहा जण. काय झालं विचारलं आणि कुणी न सांगता गाडीला हात लावला. "आजोबा, तुम्ही बसा. आम्ही ढकलतो." रस्ता सपाट होता. या गाडीचं स्टिअरिंग आणि ब्रेक इंजिनाच्या मदतीवर चालत नाहीत, त्यामुळे ढकलत नेणं शक्य होतं. नव्या गाडीत ते इतकं सोपं नसतं.

मी दार उघडून खाली उतरले, पलीकडे गेले आणि मामंजींना म्हटलं, "सरका तिकडे." त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते स्टिअरिंगमागं बसले, मी त्यांच्या शेजारी बसले, हात हँडब्रेकवर ठेवला. माणसाच्या चालीनं गाडी निघाली. स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट होते म्हणून असेल, थरथर दिसत नव्हती. ते काही बोलले नाहीत. बस्तीच्या कमानीशी त्यांनी गाडी इतकी नेमकी लावली की मुलांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, "चप्पल तिथं नका काढू, इकडे काढा," असं कुणाला तरी ओरडल्या.

तासाभरानं इंजिन निवलं. झाकण कापड धरून उघडलं, पाणी जसंच्या तसं होतं. एक थेंब उकळून गेला नव्हता. संध्याकाळी गाडी स्वतःच्या पायांनी घरी आली. दिवस मावळायच्या आत.

आता तुमच्यासाठी, गाडी वाटेत तापलीच तर काय करायचं ते नीट सांगते. काटा चढायला लागला की एसी असेल तर बंद करा. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा, उकाड्यात बसावं लागेल पण इंजिनाची उष्णता तिकडून बाहेर पडते. तरी उतरत नसेल तर सावलीत थांबून इंजिन बंद करा. बॉनेट उघडा. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. आतली वाफ तोंडावर येते आणि भाजणं वाईट असतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी कधीही ओतू नका. वरचा भाग बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचा आणि खालचा लोखंडाचा असतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एकदम गार केलं तर तडकतं किंवा वाकतं, मग मधली गास्केट जाते. धूर पांढरा येत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा तेलाच्या पट्टीवर ताकासारखा रंग दिसत असेल तर गास्केट गेली समजा आणि गाडी ओढूनच न्या.

पाणी भरताना गार इंजिनात भरा, आणि वरून दोन बोटं जागा सोडा. पाणी गरम झालं की फुगतं, त्याला जागा लागते. गाडी न तापता फक्त अडखळत बंद पडत असेल तर पेट्रोलच्या नळीत वाफ धरली असेल. पेट्रोल पंपावर ओला कपडा ठेवला की थोड्या वेळात चालू होते. हा मामंजींचा १९८१ चा उपाय आहे.

सासूबाईंचा उपाय मात्र माणसांसाठी आहे. मी गाडीचं हे सगळं सांगत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणाचं डोकं तापलं तरी हेच. आधी बंद करायचं, मग निवू द्यायचं. झाकण उघडायची घाई केलीस की तोंड भाजलंच म्हणून समज."

यंदाच्या दिवाळीत गाडी विकायचा विषय निघाला तर मला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं आहे. जोवर मामंजी सकाळी पूजेहून आल्यावर बॉनेटवरून फडकं फिरवतात, तोवर ती दारात राहील. त्यानंतरचं त्यानंतर बघू.

तुमच्या शेडमध्ये अशी कुणी उभी असेल तर या आठवड्यात एवढंच करा. सकाळी, गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा रंग बघा. मातकट किंवा तांबूस असेल तर मिस्त्रींना फोन लावा. आणि पाणी काढताना खाली परात ठेवायला विसरू नका.